दाराचा दणका

"तीन वर्षं नुसती सरळ रेघ दाखवतेयस मला! त्यापेक्षा रांगोळीच्या क्लासला जा!" असं ओरडून सरांनी लॅबचं दार आपटलं, आणि स्क्रीनवरची माझी रेघ टुणकन वर उडाली.

माझी पीएचडी त्या रेघेवरच अडकली होती. सोन्याच्या पातळ पत्र्याला डोळ्यांना न दिसणारी भोकं पाडायची, त्यांवर पेशीच्या आवरणासारखा पडदा अंथरायचा आणि खालून प्रकाश सोडायचा. वरून सोडलेलं औषध पडद्याला चिकटलं, तर प्रकाशाचा रंग किंचित बदलतो आणि रेघ वर चढते. आज मात्र ती चढली होती दणक्याने. भिंग जागचं हललं होतं.

दुसऱ्या दिवशी ग्राफ पाहून सर नाचायचेच बाकी राहिले. "चिकटलं औषध!"

"सर, ते तुम्ही दार आपटलंत ना, म्हणून..."

"मला शिकवू नकोस. सोमवारी कमिटीसमोर हेच करून दाखवायचं."

सोमवारी सरांनी पाहुण्यांना "या, या" करत आत घेतलं आणि दार अलगद लोटलं. मी औषध सोडलं. रेघ जागची हलेना. पाहुणे घड्याळं बघू लागले, तसे सर सगळ्यांदेखत माझ्यावर घसरले. "काय बिघडवून ठेवलंस? त्या दिवशी कशी आली होती?"

"काही बिघडलेलं नाही, सर," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "ओरडून झालंच आहे तुमचं. आता तेवढं दार आपटा, लगेच येईल."