भर दुपारचा बर्फ

"बर्फाची कोठी भर दुपारी उघडत नसतात, बायजा. गरम वारा शिरला की सगळा बर्फ गेला म्हणून समज. आज साहेबाकडे मेजवानी आहे, माझी नोकरी जाईल." मुकादम दाराला पाठ लावूनच उभा राहिला.

"हिवाळाभर पहाटे थाळ्यांतल्या पाण्यावरचा पापुद्रा सोलून हा बर्फ कुणी साठवला, मुकादमदादा? माझी बाळंतीण सून तापानं बरळतेय. मला आत ढकला आन् दार लावून घ्या. वारा येणारच नाही."

मुकादमाने इकडेतिकडे पाहिलं, तिला आत सोडलं आणि कडी घातली.

काळोखात बायजा पेंढा उपसून बर्फ खरवडत होती, तोच बाहेर घोड्याच्या टापा थांबल्या.

"कोठी खोलो!" साहेबाचा आवाज. बायजाने श्वास कोंडला. बोटं बधिर झाली, तरी ती जागची हलली नाही.

"भर दुपारी नाही उघडत, साहेब," मुकादम म्हणाला. "मेजवानी तुमचीच आहे ना?"

टापा लांब गेल्या. दार किलकिलं झालं. बायजाने पदरातला मूठभर बर्फ भीत भीत दाखवला.

"एवढाच?" मुकादम खेकसला. "एवढ्यानं पोरीचं कपाळ तरी भिजेल का? परत आत जा!"