केसभर सरकलेली रेघ
दुसऱ्या महायुद्धातली एक सकाळ; इंग्लंडच्या किनाऱ्यावर दाट धुके होते. जर्मनीहून परतणारी बाँबर विमाने किनाऱ्यावरच्या एका केंद्राच्या रेडिओसंकेतांवरून वाट काढत होती. पडद्यावरील दोन रेघा तंतोतंत जुळवून ठेवणे हे एनिडचे काम. अचानक एक रेघ केसभर सरकली; आता विमानांना चुकीची वाट दिसणार होती. नियमानुसार तिने संकेत लुकलुकवला, म्हणजे ‘आमच्यावर विसंबू नका’. “अगं, वर तुझा भाऊ आहे, सेड्रिक! त्याला आंधळं करतेस?” प्रमुख मुरिएलबाई ओरडल्या. “चुकीच्या वाटेने कड्यावर आपटेल, बाई. घिरट्या घालू दे.” रेघ जागेवर आणायला तिने बटण फिरवले. चाळीस सेकंदांनी रेघा जुळल्या आणि तिने लुकलुक थांबवली. तासाभराने विमानतळावरून आलेला फोन तिनेच उचलला. “सगळी विमानं उतरली. पण एका विमानातला वाटाड्या, नेव्हिगेटर, तुमच्या नावाने खडे फोडतोय. धुक्यात संकेत बिघडवणारा गाढव कोण, विचारतोय. सेड्रिक नाव त्याचं.” “थांबवू नका त्याला,” ती रडत म्हणाली, “सगळ्या शिव्या ऐकायच्यात मला.”