फोरमन

"तुमचा अर्ज नामंजूर झालाय," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "तुम्ही अजून कामावर जाता."

वर्षानुवर्षं लेथवर लोखंड कातलेल्या टर्नरला वाटलं, त्या दुसऱ्याच कुणाशी बोलताहेत. त्याने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"मी? बाई, लेथ मशीनला हात लावून वर्ष झालं मला." त्याने दोन्ही हात खिडकीच्या फळीवर ठेवले. बोटांची पेरं आल्याच्या गड्ड्यासारखी सुजली होती. "चहाचा कप धरायला दोन्ही हात लागतात. म्हणून तर नोकरी सोडली. म्हणून तर आजारभत्ता मागतोय."

बाईंनी हात पाहिले. त्या वाईट नव्हत्या. असे हात रोज पाहून सरावल्या होत्या, इतकंच.

"डॉक्टरांचा कागद वाचलाय मी. पण आमचे साहेब चौकशीला तुमच्या घरी गेले होते. तुमच्या आई भेटल्या. त्यांनी सांगितलं, मुलगा कामाला गेलाय. रोज जातो. ओव्हरटाइमही करतो. फोरमन झालाय म्हणे."

टर्नरने हात फळीवरून काढून घेतले. रोज कामाला जातो, हे त्यानेच आईला भासवलं होतं. पण ओव्हरटाइम आणि फोरमन कुठून आलं, ते त्याला कळेना. आईचं वय झालंय, एकाचं दोन करत असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली. नोकरी सोडल्याचं आईपासून लपवलंय, हे त्याने बाईंना सांगून टाकलं.

"अपील करा," बाई आवाज खाली आणून म्हणाल्या. "आईंना घेऊन या. तुम्ही काम सोडल्याचं त्यांना माहीत नव्हतं, असं त्यांनी साहेबांसमोर सांगायला हवं. दुसरा मार्ग नाही."

टर्नर पायीच घरी निघाला. नेमकं हेच तर वर्षभर जिवाच्या आकांताने टाळलं होतं. त्याचे वडील असेच आजारी पडून घरी बसले आणि वर्षाच्या आत गेले. त्या वेळी आईने जो धसका घेतला, तो गोळ्यांवर कसाबसा आवरला होता. आता मुलगाही घरी बसला असं कळलं तर ती हाय खाईल, या भीतीने तो रोज सकाळी डबा घेऊन निघायचा आणि मोठ्या दवाखान्याच्या हॉलमध्ये जाऊन बसायचा. दिवसभर बसलं तरी का बसलात असं कुणी विचारत नाही, अशी गावात तेवढी एकच जागा होती. सकाळी बायको दार लोटून घेऊन त्याच्या शर्टाची बटणं लावून द्यायची. संध्याकाळी जिन्यातच त्याच्या बाहीला शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब लावायची. आपल्या या हुशारीचं दोघांना कधीकधी हसूही यायचं.

चौकशीला येण्याआधी कळवतील, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. साहेब न कळवता आला. तेव्हा बायको शिवलेले कपडे पोचवायला बाहेर गेली होती.

बायकोने दारातच सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "अहो, आता आईंना सांगून टाका. भत्ता गेला तर तुमच्या सांध्यांचं इंजेक्शन गेलं. इंजेक्शन गेलं तर उरलेले हातही गेले. माझ्या एकटीच्या शिवणकामावर काय काय भागणार?"

आई खिडकीपाशी बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याचाच शर्ट तिच्या मांडीवर होता.

"आज लवकर सुटलास," ती म्हणाली.

टर्नर तिच्यासमोर खाली बसला. गोळ्यांची डबी हाताशी आहे ना, हे त्याने आधी पाहून घेतलं.

"आई, मी कामावर जात नाही. वर्ष झालं. हातच चालत नाहीत माझे."

आईने शर्ट बाजूला ठेवला. त्याचा हात हातात घेतला, तोही सुजलेली पेरं चुकवून, मनगटाला आधार देऊन. कुठे धरलं की दुखत नाही, हे तिला ठाऊक होतं.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "पूर्वी कपडे धुताना तुझ्या खिशातला लोखंडाचा कीस बोटाला टोचायचा. वर्षभरात एकदाही टोचला नाही. आणि ते तेल शिलाई मशीनचं आहे रे. नाक शाबूत आहे अजून माझं."

टर्नरने विचारलं, "मग बोलली का नाहीस?"

"तू इतक्या कष्टाने लपवत होतास. मी बोलले असते तर तुझा तेवढाही धीर गेला असता."

"अगं, पण घरी आलेल्या त्या माणसाला तरी खरं सांगायचंस."

अर्ज, भत्ता, साहेब, यातलं आईला काहीच माहीत नव्हतं. नोकरी लपवायची तर भत्ताही लपवावा लागला होता. तिला आठवला तो दारात उभा असलेला एक परका माणूस, पायात चकचकीत बूट आणि हातात फाईल. तिने त्याला आत बसवून चहा पाजला होता.

"तो विचारत होता, मुलगा कामधंदा करतो का म्हणून. घरी बसलेल्या माणसाची लोक काय किंमत करतात, ते मी तुझ्या वडिलांच्या वेळी पाहिलंय. म्हटलं, झाकली मूठ झाकलेलीच बरी." ती जरा हसली. वर्षभरात प्रथमच तिला मुलासाठी काहीतरी करता आलं होतं. "आणि खोटंच बोलायचं, तर हात आखडता कशाला घेऊ? म्हणून तुला फोरमन केलं."