ओट्याचे चार पाय

आवारातल्या गिंकोच्या झाडाखालचा फळ्यांचा ओटा शेवटी नवव्या मजल्यावर, प्यो ग्योंगचोलच्या झोपायच्या खोलीत पोचला. पण तसं काही झालेलं नाही. वॉचमनने विचारलंच तर झाडाखाली ओटा कधी नव्हताच, असं सगळ्यांचं ठरलं आहे. तेव्हा आपणही ते विसरू आणि पलंगापासून सुरुवात करू.

पलंग दगडी होता. खरोखरच दगडाचा. वर अखंड शिळा, तिच्या पोटात गरम होणाऱ्या तारा. ग्योंगचोलच्या बायकोला, सुनइमला, तिच्या साठीला लेकीने दिलेला. कोरियातल्या तेगू शहराच्या थंडीत त्यावर पडलं की माणूस रताळ्यासारखा शेकून निघायचा. अर्धांगाचा झटका येऊन ग्योंगचोल चाकाच्या खुर्चीत बसला, तेव्हा पलंग खुर्चीपेक्षा चार बोटं उंच आहे हे घराला कळलं. उतरताना तो आपला आपण घसरायचा. चढवायला सुनइम. मागच्या आठवड्यात चढवता चढवता तिच्याच कमरेत उसण भरली आणि दोघं मध्येच अडकले, फोटोवाल्याने "हलू नका" म्हटल्यासारखे.

लेक हेरांग फोनवर म्हणाली, "शनिवारी येते. बाबांना शुश्रूषागृहात ठेवू. तिथे बटण दाबलं की पलंग खाली येतो."

"आणि इथे?"

"इथे तू खाली येतेस, आई."

सुनइमने वाद घातला नाही. वाद घालायचा तर आधी बसावं लागलं असतं, आणि बसलं की परत उठायचं.

शुक्रवारी दुपारी ग्योंगचोलचे जांग्गी, म्हणजे कोरियन बुद्धिबळ, खेळणारे तीन दोस्त करवत घेऊन आले. पलंगाचे लाकडी पाय कापायचे होते. त्यासाठी आधी पलंग उचलायला हवा. तिघांनी जोर लावला. पलंग हलला नाही, त्यांच्यातल्या बोंगसूचा कमरेचा पट्टा तुटला.

"वहिनी, हा पलंग आहे का थडगं?" बोंगसू विजार धरून म्हणाला.

"अजून पलंगच आहे," ग्योंगचोल खुर्चीतून म्हणाला.

"पलंग खाली येत नसेल तर जमीन वर आणा," सुनइम म्हणाली. ती वैतागून बोलली होती. पण तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि करवत उचलून ते खाली गेले.

तासाभराने ओटा लिफ्टमधून वर आला, उभा करून, गिंकोच्या कुजक्या फळांच्या वासासकट. पाय त्यांनी खालीच कापून ठेवले होते. पायांविना तो बरोबर चार बोटं उरला. पलंगाला ओटा भिडवला, ओट्याला उतरती लावली कपाटाची फळी. बोंगसूने खुर्ची वर ढकलली. ग्योंगचोलने चांगल्या हाताने शिळेची कड धरली, थोडा थांबला, सरकला आणि पलंगावर जाऊन बसला.

सुनइमचे हात सवयीने पुढे झाले होते. ते तसेच राहिले.

"हेरांगला सांग, ये म्हणावं शनिवारी," ग्योंगचोल म्हणाला. "जेवायला."

मग दोस्त ओट्यावर बसले. ओटा त्यांचाच होता, झाडाखाली रोजचे डाव त्याच्यावरच व्हायचे. पट उलगडला, हत्ती-घोडे लागले. "वहिनी, तोंडी लावायला थोडी किमची असेल तर," बोंगसू म्हणाला. आता ओटा होता त्या जागी रात्री सुनइम झोपायची. खालून गरम होणाऱ्या जमिनीवर, अंथरूण घालून, कारण साठीच्या त्या दगडावर तिला एकही दिवस झोप लागली नव्हती. आता तिथे तीन म्हातारे होते, आणि चौथा पलंगावरून चुकीच्या चाली सुचवत होता.

संध्याकाळी दारात वॉचमन मेंग उभा. काखेत चार लाकडी पाय.

"काकू, झाडाखाली हे सापडले. यांच्यावरचा ओटा कुणी पाहिलाय?"

"कसला ओटा?"

आतून सोंगटी आपटल्याचा आवाज आला. मेंगने तो ऐकला आणि न ऐकल्यासारखं केलं. "मग ऑफिसात काय कळवू?"

सुनइम चौकटीला टेकली.

"लिहून घ्या. झाडाखालची जागा सध्या रिकामी आहे. ती नवव्या मजल्यावरच्या अर्जदार बाईस रात्रीच्या झोपेसाठी मंजूर करावी. जमीन खालून गरम असावी. आणि तिच्यावर पुन्हा ओटा बसवण्यात येऊ नये, ही विनंती."