बाईंसाठी माइक

"महागातला दाखवू नका हं मालक," दुकानात शिरता शिरताच बाईंचे यजमान म्हणाले. "दवाखान्यात खिसा रिकामा होणारच आहे. पण आवाज जसा आहे तसा आला पाहिजे. उगाच नटवलेला नको."

दुकानदाराने काउंटरवरच्या वायरींचा गुंता बाजूला सारला. गाण्याच्या बाईंना त्याने दारातच ओळखलं होतं.

"रेकॉर्डिंग कधी करायचंय?"

"आजच. मंगळवारी घशाचं ऑपरेशन. गाठ निघेल, जीव वाचेल, आवाज मात्र राहणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. म्हटलं, त्याआधी साठवून ठेवू." यजमान हे अशा सुरात सांगत होते, जणू घराला रंग द्यायचा होता.

दुकानदाराची मुलगी लहानपणी शाळेत तोंड उघडायची नाही. कुणी काही विचारलं की स्वतःच्या पायांकडे बघत उभी राहायची. बाईंनी तिला समूहगीतात मागच्या रांगेत उभं केलं, स्वतः तिच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात गात राहिल्या. कितीतरी दिवसांनी त्या आवाजाच्या आडोशाने पोरीचा आवाज बाहेर आला. आज तीच मुलगी वर्गच्या वर्ग शिकवते आणि घरी बापाचंही काही चालू देत नाही. या बाईंचे उपकार कसे फेडावेत हे त्याला कधी सुचलं नव्हतं. आता वेळ आली होती, तर ती ही अशी.

त्याने दोन माइक काढले.

"हा कंडेन्सर. गाण्याला गोड. पण याचे कान फार तिखट. पंखा, रस्ता, शेजाऱ्यांचं भांडण, सगळं टिपतो. तुमची खोली कशी आहे?"

"रस्त्यावरच आहे," यजमान म्हणाले. "आणि शेजारी भांडतात, तेही तालात."

"मग हा डायनॅमिक बघा. स्वस्त आहे, थेट लॅपटॉपला लागतो. तोंडाजवळ धरला की समोरच्या माणसाचंच ऐकतो, बाकीच्यांकडे ढुंकून बघत नाही."

"नवरा म्हणून चांगला आहे की."

बाई हसल्या. आल्यापासून त्यांनी जेमतेम एखादा शब्द उच्चारला असेल. घसा जपत असतील, दुकानदाराच्या मनात आलं.

"बाई, तुम्ही नुसतं ऐका," त्याने हेडफोन पुढे केले. "काका बोलतील. दोन्हीतला फरक तुमच्या कानाला लगेच कळेल."

बाईंनी मान डोलावली आणि हेडफोन कानाला लावले.

"मी काय बोलू?" यजमान माइकपुढे वाकले. "बाजारात लिलाव पुकारण्यात जन्म गेला. घशाचं पार फुटकं पिंप झालंय. आणि लग्न झाल्यापासून ही मला गप्प बसा म्हणत आलीय. हल्ली मात्र एकदाही म्हणत नाही. म्हटलं, संधी आहे, बोलून घ्यावं."

ते बोलतच सुटले. सासऱ्यांनी पहिल्या भेटीत त्यांना गवंडी समजून भिंत दाखवली होती, तो किस्सा झाला. मग घरातली सायकल कुणी विकली, हा जुना वाद. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. एक माइक झाला, दुसरा झाला. मग त्यांनी पहिला पुन्हा लावायला सांगितला, आणि पुन्हा दुसरा. इतक्या बारकाईने माइक निवडणारं गिऱ्हाईक दुकानदाराने क्वचितच पाहिलं होतं.

"हा," त्यांनी शेवटी डायनॅमिकवर बोट ठेवलं. "यात खरखर नीट ऐकू येते."

"ती काकांच्या घशाची, बाई. नको असेल तर साफ करून देता येते."

"नको. राहू दे."

दुकानदाराने नफा घेतला नाही. स्टँड फुकटच दिला, तोंडापुढे लावायची जाळी दिली आणि सोबत निघाला. "जोडून देतो. तेवढं तरी करू द्या."

"अहो, दुकान उघडं टाकून?" बाई म्हणाल्या.

"माझ्या मुलीला तुम्ही बोलतं केलंत, बाई. दुकानाचं काय घेऊन बसलात?"

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी त्याच्या हातावर नुसता हात ठेवला.

खोली रस्त्यावरच होती. दुकानदाराने खिडक्या लावून घेतल्या, पंखा बंद केला आणि आवाज घुमू नये म्हणून कपाटाचं दार उघडून कपड्यांसमोर स्टँड मांडला. बाई कायम उभ्यानेच गातात हे त्याला माहीत होतं. त्याने माइक त्यांच्या ओठांच्या उंचीला आणून घट्ट बसवला, लॅपटॉपला जोडला आणि एकदा तपासून पाहिला. सगळं ठीक होतं. चहा नको म्हणून तो पायात चपला घालू लागला. इथे आपण थांबू नये, असं त्याला वाटलं.

"मालक, देव भलं करो तुमचं," यजमान म्हणाले. "परवडेल असं आणि मनासारखं, दोन्ही एकदम मिळालं."

दुकानदार दाराशी गेला आणि निरोप घ्यायला वळला. बाईंनी स्टँडचा स्क्रू सैल केला होता. माइक खाली घेत घेत त्यांनी तो खुर्चीच्या उंचीला आणला.

"अहो, बसा इथे," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आधी मला हाक मारा, रोज सकाळी मारता तशी. मंगळवारनंतर ती मला यातूनच ऐकायची आहे."