डावीकडचा ओढा

माझं ड्रोन वर गेलं की डावीकडे सरकायचं आणि थेट शेजारच्या मास्तरीणबाईंच्या गॅलरीत उतरायचं. पंधरा दिवसांत तेरा वेळा! आणायला मलाच जावं लागे. चौथ्या खेपेपासून तर तिथल्या कुंड्यासुद्धा मला वाकून नमस्कार करायला लागल्या.

शेवटी नातीने ड्रोनमधला बोर्ड लॅपटॉपला जोडला.

"आजोबा, सेटिंग करताना ड्रोन ठेवाल ती जागा बोर्डाला सपाट वाटते. कुठे ठेवलं होतंत?"

"खिडकीच्या कट्ट्यावर."

"पाणी बाहेर जावं म्हणून उतार दिलेल्या? अहो, चाळीस वर्षं गवंडीकाम केलंत तुम्ही!"

"वय झालं गं," मी मान खाली घातली.

तिने ड्रोन फरशीवर ठेवून नव्याने सेटिंग केलं. ते आमच्याच अंगणावर खिळ्याला टांगल्यासारखं स्थिर तरंगलं. मी तोंड पाडून टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात गॅलरीतून हाक आली, "आज पाखरू रुसलं वाटतं? इकडे दोन कप चहा टाकून बसलेय मी!"

नात माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने ड्रोन खाली उतरवलं, त्याच्या एका बाजूखाली वही सरकवली आणि हळूच विचारलं, "उतार एवढा पुरे, की अजून एक वही घालू?"