भर उन्हात लाईट गेली

नात एकताचं लग्न झालं त्याच वर्षीच्या मे महिन्यात, दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, सुखराम मेश्रामच्या घरची लाईट गेली. कूलर थांबला. पंख्याने दोन-चार फेरे घेतले आणि तोही थांबला. खाटेपाशी ठेवलेली ऑक्सिजनची मशीन टीं-टीं करून ओरडायला लागली.

लीलाबाईने नाकातली नळी चाचपली. "गेली का?"

"जाऊ दे. आपल्याला काय फरक? आपलं तर वरती आहे," सुखराम म्हणाला आणि वाट पाहत उभा राहिला.

मशीन ओरडतच होती.

छतावर सोलरच्या सहा काचा होत्या. होळीच्या आधी बसवलेल्या. त्या बसल्या त्याच दिवशी सुखरामने इन्व्हर्टरची जुनी बॅटरी आपल्या हाताने भंगारवाल्याच्या ठेल्यावर ठेवून दिली होती. सूर्य घरी आला, आता ही कशाला, असं तो आपल्या गोरखपूर मोहल्ल्यात ओळखीच्या प्रत्येकाला सांगत फिरला होता.

तो जिना चढून वर गेला. ऊन असं होतं की काचांकडे बघवत नव्हतं. त्याने एका काचेला हात लावला आणि लगेच मागे घेतला. वायर जागच्या जागी होत्या. भिंतीवरच्या डब्यातला दिवा रोज हिरवा असायचा, तो लाल झाला होता. बिघडलेल्या रेडिओला मारतात तशा सुखरामने डब्याला दोन थापा मारल्या. दिवा लालच राहिला.

खाली सून प्रतिमा फोन कानाला लावून उभी होती. "बाबा, सिलिंडरवाला अर्धा तास म्हणून राहिला. ऑटो बोलावू का?"

"या उन्हात कुठं नेता मला," लीलाबाई म्हणाली. तीन शब्दांमागे एक श्वास घेत होती. तिची नखं निळसर दिसत होती.

तेवढ्यात राइट टाउनच्या ऑफिसातून मुलाचा, वीरेंद्रचा फोन आला. "बाबा, मैंने सोलरवाले से पूछा. लाईट गेली की तेबी बंद होते."

"काहून?"

"तसंच बनवलं आहे त्याला. खांबावर कोणी काम करून राहिला असंल अन् आपल्या छतावरून करंट गेला, तर मरंल ना तो माणूस. म्हणून."

"पण ऊन आहे ना बाबू."

"आहे बाबा."

"काचा आहेत."

"हो."

"मग?"

सुखरामने फोन ठेवून दिला.

"काय म्हणते?" लीलाबाईने विचारलं.

"म्हणते, खांबावर माणूस आहे. म्हणून आपलं बंद आहे."

"कोणता माणूस?"

"मालूम नाही."

"मग जाऊन पाहा ना." ती थांबली. श्वास घेतला. "नाहीतर त्या काचांवर... पापड तरी वाळू घाला."

सुखराम डोक्याला दुपट्टा न बांधताच बाहेर पडला. गल्लीच्या टोकाला खांबाला शिडी टेकवलेली होती. वर खरोखरच एक माणूस होता. पोट सुटलेला, टक्कल पडलेला, पन्नाशीचा. दोन्ही हात उघडे, आणि दोन्ही हात तारेवर. खाली दुसरा एक जण दोरी धरून सावलीत उकिडवा बसला होता.

"भैया, कितना टाइम?"

"तार जल गया बाबूजी. आधा घंटा."

"घर में मरीज है. मशीन पे है."

खालच्याने मान वर करून सोबत्याला हाक मारली. "बड्डे, जल्दी कर. मशीनवाला मरीज है इनके यहाँ."

"कर तो रहा हूँ. चार हाथ हैं क्या मेरे?" वरचा म्हणाला. मग जरा थांबून, खाली न बघता, "पूछ ले, किसी ने जनरेटर तो नहीं चला रखा? पिछले महीने झटका खाया है मैंने."

खालच्याने गल्लीतल्या छतांवरून नजर फिरवली आणि सुखरामला विचारलं, "बाबूजी, वो सोलर किसका है?"

"हमारा."

"बंद है ना?"

"बंद है."

"पक्का?"

"पक्का. अभी देख के आया."

आपण हे तक्रार म्हणून सांगितलं की धीर द्यायला, ते त्याचं त्यालाच कळलं नाही. वरच्या माणसाने वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकलं. शिडी जराशी सरकली. सुखराम पुढे झाला आणि त्याने ती दोन्ही हातांनी धरली. लोखंड तापलेलं होतं. त्याने सोडली नाही. घरी जावं असं त्याला वाटत होतं, आणि घरी जाऊन काय करावं ते कळत नव्हतं.

दोनला दहा मिनिटं कमी असताना गल्लीतले सगळे कूलर एकदम सुरू झाले. सिलिंडरवाला त्यानंतर पोचला.

घरात मशीन संथपणे घुरघुरत होती. प्रतिमा लीलाबाईच्या कपाळावर ओला कपडा ठेवत होती. नखांचा निळेपणा जरा उतरला होता.

"होता का माणूस?" लीलाबाईने विचारलं.

"होता."

"जेवला असंल का तो?"

सुखरामने ते विचारलं नव्हतं. आपले लाल झालेले तळवे बघत तो खाटेच्या कडेवर बसून राहिला.

लीलाबाई त्यानंतर अकरा दिवसांनी वारली, बुद्ध पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकरा वाजता. त्या वेळी लाईट होती आणि मशीन चालू होती.